उपचारांचं रेशन: रांग असेल तर ती फळ्यावर लिहा

माझ्याकडे कापडी बांधणीची एक लांब वही होती. डायलिसिससाठी थांबलेल्यांची नावं तीत असत. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक होते. केसपेपरवर 'एमएसडब्ल्यूंना', म्हणजे रुग्णालयाच्या समाजसेवकांना, 'भेटा' असा शेरा पडला की माणूस माझ्या टेबलापाशी येई.

आमच्याकडे डायलिसिसची यंत्रं 8. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा 3 शिफ्ट, आठवड्याचे 6 दिवस. सगळं सुरळीत चाललं तर आठवड्याला 144 जागा. मूत्रपिंडं पूर्ण निकामी झालेल्या माणसाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. त्या हिशेबाने 48 माणसं बसत होती. आम्ही 72 बसवत होतो. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा.

तिसरी वेळ कापून आम्ही 24 माणसांना आत घेतलं होतं. हे चूक होतं, असं मला आजही वाटत नाही. 48 जणांना पूर्ण द्यायचं आणि 24 जणांना दारातून परत पाठवायचं, हे माझ्याने झालं नसतं. चूक दुसरीकडे होती. त्या 72 जणांपैकी एकालाही आम्ही कधी सांगितलं नाही की तुमची आठवड्यातली तिसरी वेळ आम्ही दुसऱ्याला दिली आहे. डायलिसिस दोनदाच असतं, असं त्यांना वाटे. सोमवारी सकाळी पाय सुजलेला, दोन वाक्यं बोलताना दम लागणारा माणूस यायचा आणि खाली मान घालून विचारायचा, "मॅडम, माझ्याकडून पाणी जास्त पिलं गेलं का?" आणि आम्ही म्हणायचो, "हो काका, पाणी जपून प्या."

सरकारी खर्चाच्या आरोग्यसेवेबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते सगळं त्या सोमवारच्या उत्तरात आहे.

सरकारने आरोग्याचा खर्च उचलावा की नाही, हा वाद आपल्याकडे पुन्हा पुन्हा उठतो. 1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असली तरी, आणि वर्षाला 5 लाखांचं कवच मिळालं, तेव्हाही तो उठला. माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांचा आक्षेप ठरलेला असतो. सरकारकडे पैसा मर्यादित, मागणी अमर्याद. मग रांगा लागणार, आणि कुणाला काय द्यायचं हे कुठला तरी कारकून ठरवणार. इंग्लंडकडे बोट दाखवलं जातं. तिथे 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, उपचाराच्या वेळी कुणी पैसे द्यायचे नाहीत हे तिचं तत्त्व, आणि 2023 मध्ये तिथली प्रतीक्षायादी 77 लाखांवर गेली होती. तज्ज्ञाकडून उपचार 18 आठवड्यांत सुरू व्हावा, हे तिथलं ठरलेलं उद्दिष्ट 2016 नंतर पाळलं गेलेलं नाही. हे सगळं खरं आहे. दुसऱ्या बाजूला माझे चळवळीतले मित्र आहेत. आरोग्य हा हक्क आहे, हक्काला मर्यादा घालायची नसते, रेशनिंग हा शब्दच जनविरोधी आहे, असं ते म्हणतात. त्यांच्यासोबत मी मोर्चात चालले आहे, पुढेही चालेन. पण 8 यंत्रांवर 72 माणसं बसवताना त्यांच्या घोषणेचा मला काही उपयोग झाला नाही.

रेशन हा शब्द आपल्याला परका नाही. मुंबईत धान्याचं रेशनिंग 1943 मध्ये सुरू झालं, आणि तेव्हापासून हे पुस्तक, हे कार्ड आपल्या घराघरांत आहे. आपली आरोग्य योजनासुद्धा त्याच कार्डावर उभी राहिली. 2 जुलै 2012 रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने 8 जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर गेली. तेव्हा पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर पात्र. पांढरं असेल तर नाही; फक्त 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावरही लाभ. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. यातली प्रत्येक ओळ म्हणजे वाटपाची मर्यादा आहे. कुणाला, किती, कशासाठी, कुठे. मर्यादा नसलेली सरकारी योजना जगात कुठे नाही आणि होणारही नाही.

मर्यादा नसलेला बाजारही नसतो, ही गोष्ट मात्र आक्षेप घेणारे विसरतात. खाजगी रुग्णालयाच्या काउंटरवर सांगितली जाणारी अनामत रक्कम हे रेशनिंगच आहे. तिथे रांग दिसत नाही, कारण ज्याच्याकडे पैसे नाहीत तो रांगेत उभाच राहत नाही. तो घरी जातो. माझ्या वहीतल्या कितीतरी नावांच्या आधीचा इतिहास हाच होता: खाजगीत 4 महिने डायलिसिस, मग दीड एकर गहाण, मग बायकोचे दागिने, मग आमचं दार. आणि जे आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांची वही कुणी ठेवली नाही. इंग्लंडची प्रतीक्षायादी 77 लाखांवर गेली हे आपल्याला कळतं, कारण ते ती मोजतात आणि दर महिन्याला छापतात. आपली किती आहे? आपण मोजतच नाही, म्हणून ती नाही असं आपण समजतो.

डायलिसिसचा इतिहासच या बाबतीत बोलका आहे. 1960 मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची जोडून ठेवता येईल अशी नळी तयार केली, आणि तोवर मरणारच असं समजलं जाणारा रुग्ण वर्षानुवर्षं जगू शकेल अशी शक्यता निर्माण झाली. यंत्रं मोजकी, रुग्ण खूप. मग 7 जणांची समिती बसली. बहुतेक सामान्य नागरिक, नावं गुप्त. माणूस कमावता आहे का, मुलं किती, चर्चमध्ये जातो का, असे प्रश्न त्या निवडीत आले. 1962 मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने ही हकिकत छापली तेव्हा देश हादरला. समितीतली माणसं दुष्ट नव्हती. पण त्यांचे निकष लिहिलेले नव्हते, आणि लिहिलेले नसले की माणूस आपल्यासारख्यालाच निवडतो. पुढे 1972 मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळपास सगळ्यांचा डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यावर घेतला. म्हणजे सरकार आलं आणि ते गुप्त रेशनिंग संपलं, उलट नाही.

माझ्या टेबलापाशीही ती समिती रोज बसत होती, फक्त 7 ऐवजी दोघांची: युनिटचे प्रमुख डॉक्टर आणि मी. वहीत नाव वर जायचं कशाने? तरुण असेल तर. लहान मुलं असतील तर. वेळेवर येत असेल, फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, चांगला असेल तर. आणि हेही लिहिलं पाहिजे: साहेबांचा फोन आला तर. आमदारांचं पत्र आलं तर. जो माणूस मोठ्याने भांडू शकतो त्याचं नाव, जो भिंतीला टेकून मुकाट बसतो त्याच्या वर जात असे. एक बाई, नवरा पस्तिशीचा, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, ती दर गुरुवारी यायची आणि एवढंच विचारायची, "ताई, आमचा नंबर कितवा?" मी वही हातानेच झाकायची. दाखवता येत नव्हती म्हणून नाही. दाखवली असती तर तिला विचारता आलं असतं, की गेल्या आठवड्यात अकरावा होता तो आज तेरावा कसा.

वशिल्याला जागा मिळते ती झाकलेल्या वहीत.

आपल्या राज्यात उपचारांचं रेशनिंग कुठे कुठे होतं, हे एकदा सरळ सांगायला हवं, कारण 'रेशनिंग' अशी पाटी कुठेच नसते. योजनेतल्या उपचारांपैकी शंभराहून अधिक उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवले गेले. हेतू चुकीचा नव्हता. गरज नसताना शस्त्रक्रिया करून पॅकेजची, म्हणजे योजनेने त्या उपचारासाठी ठरवलेली, रक्कम उचलणारे काही कमी नाहीत, त्यांना आळा बसावा आणि सरकारी रुग्णालयांकडे पैसा यावा. पण ज्या तालुक्यात सरकारी रुग्णालयात सर्जनचं पद रिकामं आहे, भूलतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस येतो, तिथे राखीव या शब्दाचा अर्थ बदलतो. माणसाच्या हातात कार्ड असतं, अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेलं, खाजगी रुग्णालय रस्त्याच्या पलीकडे असतं, आणि शस्त्रक्रिया कुठेच होत नाही.

अंगीकृत रुग्णालयात गेलं तरी योजनेची चौकशी सांभाळणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीपाशी खेळ सुरूच असतो. 'योजनेच्या खाटा भरल्या आहेत.' 'हा आजार पॅकेजमध्ये बसत नाही.' 'मंजुरी वरून आलेली नाही.' यातलं कोणतं वाक्य खरं आणि कोणतं सोयीचं, हे नातेवाइकाला कळायला मार्ग नसतो. रुग्णालयवाल्यांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. पॅकेजचे दर कमी, बिलं महिनोन्‌महिने अडकलेली; मग योजनेचा रुग्ण नको वाटतो. पण 'दर परवडत नाही म्हणून घेत नाही' असं कुणी लिहून देत नाही. तोंडी सांगितलं जातं, 'बेड नाही.'

धर्मादाय रुग्णालयांचं तेच. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि त्यासाठी एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. कायदा स्पष्ट आहे. पण खाट रिकामी आहे का, हे ठरवणारा आणि सांगणारा एकच. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून राज्यभर संताप उसळला, चौकशी समित्या बसल्या. संताप योग्यच होता. पण ज्या जिल्ह्यांत वर्तमानपत्राचा बातमीदार काउंटरपर्यंत पोचत नाही, तिथे रोज काय होत असेल याचा विचार त्या गदारोळात फारसा झाला नाही.

आणि सरकारी रुग्णालयातलं रेशनिंग? 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. चांगला निर्णय, मनापासून सांगते. पण औषध कपाटात नसेल तर मोफत काय मिळणार? त्याच वर्षी, सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 माणसं गेली, त्यांत 12 नवजात बाळं. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळच्या कळव्याच्या रुग्णालयात 24 तासांत 18. नांदेडला नवजात अतिदक्षता विभागात क्षमतेच्या कितीतरी पट बाळं होती. बाळाला ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन-तीन बाळं ठेवली जातात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याची नर्स, प्रत्येकाच्या वाट्याची मिनिटं कापली जातात. तिथेही कुणी आईला सांगत नाही की तुमच्या बाळाला अर्धी नर्स मिळाली आहे. 'कमी वजनाचं होतं' असं सांगतात. माझ्या 'पाणी जपून प्या'ची ही सख्खी बहीण.

पत्त्यावरूनही वाटप होतं. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला गंभीर दुखणं झालं की पिढ्यान्‌पिढ्या रस्ता बांबोळीला जातो, गोवा मेडिकल कॉलेजात. 2018 च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं आणि दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. गोव्याच्या बाजूने पाहिलं तर कर गोवेकरांचा, खाटा मोजक्या. सिंधुदुर्गाच्या बाजूने पाहिलं तर आपल्याच राज्याने इतक्या वर्षांत जवळ काही उभारलं नाही, त्याचा दंड आजारी माणसाने भरायचा. पण निदान एक होतं: तो निर्णय जाहीर होता. तारीख होती, दरपत्रक होतं, कोणत्या सरकारला जाब विचारायचा हे लोकांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना आंदोलन करता आलं. 'बेड नाही' या वाक्याविरुद्ध आंदोलन करता येत नाही.

न्यायालयंही या प्रश्नात दोन्हीकडे ओढली गेली आहेत. 1992 मध्ये बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं की तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. दोनच वर्षांनी, 1998 मध्ये, पंजाबच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मान्य केलं की कोणत्याही राज्याची तिजोरी अमर्याद नसते आणि खर्चाला कमाल मर्यादा घालता येते. वकील या निकालांत विसंगती शोधतात. मला ती दिसत नाही. दारात रक्तबंबाळ आलेल्याला हाकलायचं नाही. आणि त्यापुढे मर्यादा घालायचीच असेल तर ती धोरण म्हणून, आधी, सगळ्यांसाठी सारखी घालायची. 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयापुढे डर्बनचा एक डायलिसिसचा रुग्ण आला. मधुमेह, हृदयविकार, त्यामुळे प्रत्यारोपणाला अपात्र. आणि रुग्णालयाचा लेखी नियम असा की यंत्रं कमी असल्याने कायमचं डायलिसिस प्रत्यारोपणाला पात्र असलेल्यांनाच. न्यायालयाने नियम तपासला, तो सगळ्यांना सारखा लावला जातो हे पाहिलं आणि जड मनाने दावा फेटाळला. काही दिवसांतच तो माणूस गेला. हा निकाल वाचून मी रात्रभर जागी होते. तो क्रूर वाटतो. पण त्या माणसाला निदान नियम दाखवला गेला, त्याला वकील मिळाला, देशातल्या सर्वोच्च घटनापीठाने त्याचं म्हणणं ऐकलं. माझ्या वहीतल्या ज्या माणसांचा नंबर लागण्याआधी त्यांच्या नावापुढे मी तारीख टाकून रेघ मारली, त्यांना यातलं काय मिळालं?

वाटप उघडपणे करता येतं, याचे दाखले दूर शोधायला नकोत. अवयवदान घ्या. मृत दात्याचं मूत्रपिंड कुणाला जाईल, हे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांतल्या यादीवरून ठरतं. डायलिसिसवर किती काळ काढला, याचे गुण असतात. रुग्णाला आपलं नाव नोंदलं आहे हे ठाऊक असतं. मूत्रपिंडापेक्षा दुर्मीळ वस्तू कोणती? तरीही तिथे लोक थांबतात, वर्षानुवर्षं थांबतात, आणि बहुतेकांचा त्या यादीवर विश्वास असतो.

कोविडच्या काळातही हे दिसलं. मे 2020 मध्ये राज्याने खाजगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या, दर बांधून दिले. मुंबईत महापालिकेने प्रभागवार वॉर रूम, म्हणजे नियंत्रण कक्ष, उघडल्या आणि खाट रुग्णालयाच्या काउंटरवरून नाही, तर तिथून मिळू लागली. त्या काळात वशिला बंद झाला असं मी म्हणणार नाही. एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिविरसाठी लोकांनी जे भोगलं ते कुणी विसरलेलं नाही. पण खाट कुठे आहे हे एका जागी कळतं, आणि ते विचारायचा आपल्याला अधिकार आहे, ही गोष्ट लोकांनी पहिल्यांदा अनुभवली. लशीचं तर त्याहून स्पष्ट. जानेवारी 2021 मध्ये आधी आरोग्य कर्मचारी, मार्चपासून साठीवरचे आणि पंचेचाळिशीवरचे आजारी. माझ्या पुतण्याने, वय 29, महिनोन्‌महिने वाट पाहिली आणि कुरकुर केली नाही, कारण त्याच्या आधी त्याची आजी होती हे त्याला दिसत होतं. आपले लोक रांग मोडतात असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

बाहेरच्यांकडून शिकायचं ते एवढ्याचसाठी. इंग्लंडच्या प्रतीक्षायादीची बदनामी आपल्यापर्यंत येते. तिथे 1999 मध्ये स्थापन झालेल्या 'नाइस' या संस्थेचं काम फारसं येत नाही. कोणतं नवं औषध सरकारी खर्चाने द्यायचं, हे ती ठरवते. औषधाने मिळणाऱ्या एका चांगल्या प्रकृतीच्या वर्षामागे साधारण 20 ते 30 हजार पौंड, ही अनेक वर्षं तिची मोजपट्टी होती. आयुष्याची अशी किंमत लावणं ऐकायला वाईट वाटतं, आणि वृद्धांवर, अपंगांवर या मोजपट्टीने अन्याय होतो या टीकेत तथ्य आहे. पण ती संस्था मसुदा आधी प्रसिद्ध करते, रुग्णांच्या संघटनांचं ऐकते, नकाराची कारणं लिहून देते, अपील घेते. 2002 मध्ये तिने 30 सामान्य नागरिकांची परिषदही नेमली होती, मूल्यांचे प्रश्न डॉक्टर-अर्थतज्ज्ञांवर सोडायचे नाहीत म्हणून. थायलंडने तर आपल्याच वहीतला प्रश्न सोडवायला घेतला. 2002 मध्ये सगळ्यांसाठी आरोग्य योजना, 2008 मध्ये डायलिसिस तिच्यात, पण अट अशी की आधी पोटातून घरी करायचं डायलिसिस. केंद्रातलं यंत्र हवं असेल तर बहुतेकांना स्वतःचे पैसे. लोक नाराज झाले, चर्चा झाली, आणि 2022 मध्ये सरकारने निवड रुग्णावर सोपवली. 14 वर्षं एक मर्यादा होती, ती सगळ्यांना माहीत होती, म्हणून ती बदलता आली. आमच्याकडे 60-70 किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या माणसाला घरी करायच्या डायलिसिसबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

आपल्या देशातही मर्यादा कधीकधी लिहिली जाते, हेही नोंदवायला हवं. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मदतीची कमाल रक्कम पुढच्याच वर्षी 50 लाख ठरली. ज्या बाळाला जन्मभर औषध लागणार, त्याचे 50 लाख काही काळात संपतात आणि औषध थांबतं. हे भयंकर आहे. पण आकडा लिहिलेला असल्यामुळेच पालक दिल्ली उच्च न्यायालयात जाऊ शकले, आणि 2024 मध्ये न्यायालयाला दुर्मीळ आजारांसाठी वेगळा निधी उभारायला सांगता आलं.

इथे मला माझ्याच म्हणण्यातला एक धोका दिसतो. उद्या एखादा अधिकारी म्हणेल, बाई म्हणतात रेशनिंग अटळ आहे, मग झालं; फळा लावू आणि हात झटकू. तसं होता कामा नये. टंचाई दोन प्रकारची असते. मूत्रपिंडं कमी आहेत, ती सरकारला छापता येत नाहीत. डायलिसिसचं यंत्र बंद पडलंय कारण देखभालीच्या कंत्राटाची फाइल 4 महिने टेबलावर आहे, ही टंचाई माणसाने केलेली आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. राज्यांनी अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत, असंही त्यात होतं; महाराष्ट्र त्याच्या जवळपास गेलेला नाही. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मधल्या 64 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39 टक्क्यांवर आला, हे समाधानाचं आहे, पण 100 रुपयांतले 39 रुपये आजारी माणूस अजून स्वतःच काढतो आहे. या परिस्थितीत 'संसाधनं मर्यादित आहेत' हे वाक्य उच्चारण्याआधी सरकारने दाखवायला हवं की असलेली यंत्रं चालू आहेत, मंजूर पदं भरली आहेत, मंजूर पैसा खर्च झाला आहे.

आणि ते दाखवायची जागा फळाच आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज नव्हे, संकेतस्थळाच्या पोटात दडलेली फाइल नव्हे. रुग्णालयाच्या दारात, खडूने, रोज. रेशन दुकानाला ही सक्ती आहे. साठा किती, भाव किती, कार्डामागे किती, हे दुकानदाराने लावावं लागतं. गावात दक्षता समिती असते, तिथे गावकरी बसू शकतात. समित्या सगळीकडे चालतात असं नाही, पण माणसाला 5 किलो आपले हक्काचे आहेत हे ठाऊक असतं, आणि 4 मिळाले तर तो भांडतो. 5 किलो धान्यासाठी जी व्यवस्था आपण केली, ती आठवड्यातल्या तिसऱ्या डायलिसिससाठी का नको? सरकारी असो, अंगीकृत असो, धर्मादाय असो, प्रत्येक रुग्णालयाने नकार लेखी द्यावा, एका ओळीत कारण लिहून, सही आणि वेळेसह. त्या नकाराविरुद्ध 24 तासांत ऐकणारं जिल्ह्यात कुणीतरी असावं, आणि त्यात डॉक्टरांबरोबर रुग्णांचे दोन नातेवाईक असावेत. क्रम कशाने लागतो, त्याचे निकष मराठीत लिहून भिंतीवर असावेत. निवड करणाऱ्या डॉक्टरलाही यात संरक्षण आहे. फोन आला तर तो फळ्याकडे बोट दाखवू शकेल. आमच्या प्रमुखांकडे तसं बोट दाखवायला काही नव्हतं, म्हणून ते प्रत्येक फोनला 'हो साहेब' म्हणत आणि मग संध्याकाळी माझ्या टेबलासमोर डोकं धरून बसत.

ऊसतोडीवाल्या बाईचा नवरा नवव्या नंबरवर असताना गेला. त्यानंतरच्या सोमवारी मी शिपायाला चुना आणि काळा रंग आणायला सांगितला होता. वरून नाही म्हणाले. लोक गोंधळ घालतील असं कारण दिलं. रंगाचा डबा निवृत्त होईपर्यंत माझ्या कपाटात होता. त्या दिवशी फळ्यावर लिहायचा मजकूर मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता, तो असा: यंत्रं 8. चालू 6. बंद 2, बंद पडल्याची तारीख 11. गरज आठवड्यातून 3 वेळा, देऊ शकतो 2 वेळा. थांबलेले 31. पुढचा नंबर, आणि त्याच्यापुढे त्या बाईच्या नवऱ्याचं नाव.